मेहुण्याच्या हातचा दोर

बोरघाटातून आणि थळघाटातून आगगाडी चढायला लागून पंधराएक वर्षं झाली, तेव्हा साहेबलोकांना तिसरी वाट हवीशी झाली. कल्याणहून मुरबाडमार्गे सरळ डोंगर फोडायचा आणि वर देशावर निघायचं! नकाशावर ही रेघ फार देखणी दिसे. ती डोंगरावर बसते का, ते पाहायला ठाण्याचे त्र्यंबकराव ओव्हरसियर दोन गडी घेऊन निघाले. धाकू आणि तानाजी, दाजी-मेहुणे.

रेघ कुठेच बसेना. पहिल्या खिंडीत दरडींनी वाट खाल्लेली, पुढच्या सोंडेवर बकरीलाही उभं राहायला जागा नाही. त्र्यंबकरावांना ताप भरला. पीठ संपत आलं. उरला एकच कडा. त्याच्या पोटात पहारीने भोकं पाडून दगड पाहायचा. पक्का निघाला तर रेल्वे, आणि रेल्वे आली तर धाकूला मुकादमी. बायकोला, हौसाला, त्याने कबूलच करून टाकलं होतं: खोपटं जाऊन कौलारू घर!

धाकू-तानाजीच्या गावाकडे मध काढायला कड्यावरून उतरणारा माणूस दोर मेहुण्याच्याच हाती देतो. सख्खा भाऊ चालत नाही. भावाचं काय, वाटणी आठवली की हात सैल पडायचा. मेहुणा कसा सोडील? त्याच्याच बहिणीचं कुंकू त्या टोकाला लोंबत असतं!

"मेहुण्या, नीट धर रं!" खाली सरकताना धाकू ओरडला. "सोडलास तर तुझी बाय मुसळानं हाणील तुला."

"बाय तर म्हणते, सोड एकदाचा!" तानाजी हसला. थोरल्या बहिणीने, हौसानेच त्याला कडेवर घेऊन वाढवलं होतं.

दोराचं टोक खडकात ठोकलेल्या मेखेला बांधलं होतं आणि एक वेढा तानाजीच्या कमरेभोवती होता. खालून पहारीचे ठोके येऊ लागले. तेवढ्यात शिध्याची गोणी डोक्यावर घेऊन त्यांचा कल्याणचा शेजारी परशुराम वर आला. त्याने गोणी उतरवली.

"काय रं? बायचा काय निरोप?"

परशुरामाने डोक्यावरची चुंबळ काढून खाली ठेवली. "तानाजी... स्टेशनामागच्या खोपटांत पटकी शिरली. हौसाबाई गेली रं. आम्हीच पोचवली तिला."

तानाजीच्या हातात दोर होता. दोराला दाजी होता. आणि कुंकू? ते लावायला कपाळच उरलं नव्हतं.

"कोण, परशुराम आला काय?" खालून धाकूचा आवाज आला. "हौसानं सुकट धाडली का?"

परशुरामाने तोंड उघडलं. तानाजीने मान हलवून त्याला गप्प केलं.

"धाडलीय!" तो ओरडला.

आणि पुढच्याच ठोक्याला कपारीतलं आग्या मोहोळ उठलं! काळा लोट वर आला. धाकूची किंकाळी! दोराला हिसका! मेख उपटली! ज्याला खडक समजलं होतं, तो नुसता कुजका मुरूम निघाला. दोर सरसर धावला. तळहात सोलले. तानाजी फरफटत काठापर्यंत गेला. टाच एका दगडाला अडली. थांबला!

माश्या डोळ्यांवर, कानांत, ओठांवर.

"सोड! तूपण जाशील!" परशुराम ओरडला. तो आपली घोंगडी पांघरून केव्हाच लांब पळाला होता.

सोडला असता तर आता कोण जाब विचारणार होतं? विचारणारी गेली होती. तानाजीने दोराचा मनगटाला आणखी एक वेढा घेतला.

मागे झाडाखाली तापाने फणफणत पडलेले त्र्यंबकराव रांगत आले, अंगावरची कांबळ तानाजीवर टाकली आणि त्याची कंबर धरून बसले. हात हात करत दोर वर आला. दोराला धाकू आला.

सगळे कांबळीखाली निपचित पडून राहिले. माश्या निवल्या. त्र्यंबकरावांनी उपटलेली मेख उचलली. तिला लागलेला मुरूम बोटांत चुरून पाहिला.

"जिथं मेख टिकत नाही तिथं रूळ काय टिकणार! चला खाली. ही रेघ पुसली."

मुकादमी गेली, कौलं गेली. धाकू तरी सुजल्या तोंडाने हसत होता. "मेहुणा असावा तर असा! पण मी लोंबकळलो ते हौसाला नको सांगू हां. उगाच जेवायची नाय."

"नाय सांगत," तानाजी म्हणाला.

धाकूचे डोळे सुजून मिटले होते, म्हणून उतरताना तानाजीने दोर दोघांच्या कमरांना बांधला. दुपार कलताना पायथ्याची सपाटी लागली.

"सोड की आता," धाकू म्हणाला. "इथं कुठं पडतोय मी?"

तानाजीने गाठीला हात लावला नाही. सोललेल्या हातांनी दोर गोळा करत करत तो त्याच्या अगदी जवळ आला.

"दाजी," तो म्हणाला, "खाली बसा जरा."