गुलाबाच्या कुंडीतली टरफलं

भाग्यलक्ष्मी गच्चीवर गेली होती वाळलेले सांडगे आणायला, आणि सापडला चोर. वरच्या खोलीतला नवा भाडेकरू आकाश गुलाबाच्या कुंडीत बोटानं माती उकरून काहीतरी पुरत होता. तिची चाहूल लागताच तो उठला, हात पाठीमागे. पण अंड्याचं एक पांढरं टरफल मातीतून वर राहिलंच होतं.

धारवाडातल्या त्या घरात अंडं म्हणजे महापाप. तिच्या अप्पांनी, निवृत्त शिक्षक बाळाचार्यांनी, करारात लाल शाईनं लिहून घेतलं होतं : भाडेकरूनं अंडी, मासे, मांस खायचं नाही. आधीच्या भाडेकरूच्या ऑम्लेटचा वास खालपर्यंत आला आणि दुसऱ्या दिवशी त्याचं सामान रिक्षात होतं.

"खाली सांगणार का तुम्ही?" आकाशनं हळूच विचारलं.

"बघू... गुलाबाला विचारून सांगते," ती म्हणाली. जिना उतरताना आपल्याला एवढं हसू का येतंय, हे काही तिला कळेना.

सांडग्यांचे दिवस संपले तरी भाग्याची गच्चीवरची कामं संपेनात. रविवारी दुपारी आई भजनाला गेली आणि अप्पा कलंडले, की ही वर. आकाश मूळचा कलघटगीचा, इथं बियाण्यांच्या प्रयोगशाळेत नोकरीला. आधी दोन वर्षं गोव्यात काढलेली, तिथं शिकलेलं बटाट्याचं सॅलड तो रविवारी करायचा. बटाटे आणि अंडी एकाच पातेल्यात उकडायची, म्हणजे वास येतो तो बटाट्याचा, ही त्याची युक्ती. वर कांदा, घट्ट दही, मिरपूड, लिंबू. मासा डब्यातला, ट्यूना. तळण नको की धूर नको. भाग्या त्यातलं खायची नाही, बटाटे तेवढे सोलून द्यायची. बोटाला बोट लागलं, की बटाटा गरम आहे म्हणून हात मागं घ्यायची. बटाटा केव्हाच गार झालेला असायचा.

एका रविवारी मात्र आकाशचं सॅलडात लक्ष नव्हतं. अंडी चिरून झाली तेव्हा म्हणाला, करार पुढच्या आठवड्यात संपतोय, सरांशी बोलायचं ठरवलंय.

"अंड्याबद्दल?"

"तुमच्याबद्दल." त्यानं सुरी खाली ठेवली. "चोरून अंडं खाता येतं, भाग्या. चोरून संसार नाही करता येत. तुमचं... काय म्हणणं?"

तिला तो हवा होता. पण जात वेगळी, ताटही वेगळं, आणि डोळ्यांपुढं त्याचं सामान रिक्षात चढलेलं दिसत होतं.

"मला हवे आहात तुम्ही," ती म्हणाली. "पण अप्पा..."

आणि जिन्यावर काठी वाजली.

लपवायला वेळच नव्हता. अप्पा दारात उभे राहिले. टेबलावर बटाटे, दही, अंड्यांच्या फोडी आणि न उघडलेला डबा, सगळं त्यांनी एकेक करून पाहिलं. आकाश उभा राहिला.

"चूक माझी आहे, सर. यांनी काही खाल्लेलं नाही. मी खोली सोडतो," तो म्हणाला. "पण यांना मागायला मी येणारच होतो."

अप्पा खुर्चीत बसले. मग काठीच्या टोकानं डबा हळूच बाजूला सारला.

"मासा मिसळायच्या आधी माझी वाटी काढा," ते म्हणाले. "अंडं जरा जास्त."

भाग्यानं चकित होऊन वाटी भरून दिली. अप्पांनी मग खालमानेनं सांगितलं, की डॉक्टरांनी रोज एक अंडं खायला सांगून दोन वर्षं झाली, पण भाग्याच्या आईपुढं तोंड उघडायची छाती होईना; करारातली ती लाल ओळही तिच्याच आग्रहाची. सकाळी गुलाबाला पाणी ते घालायचे. कुंडीतली टरफलं पहिल्या महिन्यातच दिसली होती. आणि रविवारी लेकीचे पाय कुठं वळतात, तेही. भाग्याच्या छातीवरचा धोंडाच उतरला. ती हसायला लागली ती डोळे पुसतच.

आकाशचा जीव मात्र अजून टांगणीला. "मग... करार, सर?"

अप्पांनी मिशीवरचं दही पुसलं. "करार नीट वाचा. भाडेकरूनं अंडं खायचं नाही, असं लिहिलंय. जावयानं खाऊ नये, असं कुठंच लिहिलेलं नाही."

वाटी चाटूनपुसून संपवून ते उठले आणि जिन्याशी थबकले. "लग्नाचं मी सांगतो तुझ्या आईला, भाग्या. अंड्याचं तेवढं तुम्ही दोघं सांगा."

काठीचा आवाज खाली गेला. भाग्यानं डबा उचलून आकाशच्या हातात दिला. बोटाला बोट लागलं... आणि या वेळी तिनं हात मागं घेतला नाही.