ग्लासांची उतरंड

दिवेलागणीला महानंदा पलंगाशेजारी ग्लासांची उतरंड रचायची. मोठा ग्लास पालथा, त्यावर धाकटा, त्यावर त्याहून धाकटा आणि टोकाला लेकीची लहानपणची वाटी. जमीन जरा हलली तरी भांडी कोसळून जाग यावी, एवढाच हेतू. भूकंपाची सूचना आता मोबाईलवर आधीच येते, हे नवऱ्याने सांगून सांगून सोडून दिलं होतं. लहानपणी तिचं गाव भूकंपात गेलं, तेव्हापासून हे अंगवळणी पडलेलं. लेकीला मात्र तिने यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. उगाच पोरीच्या डोक्याला ताप कशाला?

पण चौथीतल्या रेवाच्या मनगटावरची धसकापट्टी दिवसभर पिवळीच असायची. नाडी आणि घाम मोजून भीती दाखवणारी ही पट्टी शाळेने सगळ्याच मुलांना दिली होती. बाकीच्यांची परीक्षेपुरती पिवळी व्हायची. रेवा दप्तर पाठीवरून उतरवायची नाही, वर्गात दाराजवळच बसायची, झोप तर नावालाच. शेवटी शाळेने दोघींना डॉक्टर तांबोळींकडे पाठवलं. त्यांनी काही दिवस आईलाही पट्टी बांधायला लावली.

आज डॉक्टरांच्या पडद्यावर दोन्ही पट्ट्यांच्या दोन रेषा होत्या. आईची वर चढली की पाठोपाठ लेकीची चढत होती.

"आम्ही तेव्हा वेगवेगळ्या खोल्यांत होतो, मॅडम," महानंदा थकल्या आवाजात म्हणाली.

"ती तुमची पावलं ऐकते, ताई. तुम्ही भांडं कसं ठेवता तेही. भीतीच्या काही खुणा रक्तातून आल्या असतील, बाकीचं ती घरात शिकली. किती कुठलं, ते आम्हालाही नेमकं सांगता येत नाही."

"मग तिला औषध द्या."

"देऊ. पण आम्ही पुसायचं आणि घरात रोज पुन्हा उमटायचं, असं किती दिवस? आधी तुम्ही शमनटोपी घ्या. ती घालून भूकंपाचा तो दिवस आठवायचा. भीतीची गाठ हळूहळू सुटते."

"आणि आठवण?"

"राहते. पण फिकी होते. आवाज बहुतेक आधी जातात."

त्या दिवशी ढिगाऱ्याखालून धाकटा भाऊ बसू महानंदाला "अक्का, अक्का" म्हणून हाका मारत होता. मग थांबला. त्याचा फोटो नाही, कपडा नाही, ओळखणारं माणूस नाही. ती हाक तेवढी उरली होती, आणि ती सांभाळता सांभाळता महानंदा पार दमून गेली होती. "विचार करून सांगते," म्हणून ती उठली.

घरी आल्यावर तिने ग्लासांना हात लावला नाही. पलंगावर नुसती बसून राहिली. आपण काहीच सांगितलं नाही म्हणजे पोरीला काहीच कळलं नाही, असं आपण इतकी वर्षं कसं धरून चाललो, याचा तिला स्वतःचाच राग येत होता.

स्वयंपाकघरात मांडणी वाजली. रेवा ग्लास घेऊन आली आणि फरशीवर मांडी घालून रचू लागली. मोठा, धाकटा, त्याहून धाकटा. हात आईसारखेच सराईत. तिने वाटी श्वास रोखून टोकाला ठेवली.

"आई, तू विसरलीस," ती म्हणाली. "दमलीयेस ना? झोप तू. आज मी जागी राहते."

महानंदाला रडू फुटलं. तिने डॉक्टरांना फोन लावला आणि "उद्या येते" एवढंच सांगितलं. मग उतरंडीवरची वाटी उचलून लेकीच्या हातात दिली आणि तिला कुशीत ओढलं.

"तुला एक मामा होता," ती म्हणाली. "बसवराज. बसू म्हणायचो आम्ही. मला अक्का म्हणायचा."

"कसा म्हणायचा?" रेवाने विचारलं.

महानंदाने तोंड उघडलं आणि ती थबकली. उद्यापासून ही हाक तिच्याकडे राहील याची खात्री नव्हती. पोरीकडे द्यायची तर आजच. पण त्या हाकेतला धसका मागे ठेवून नुसती हाक देता येते का? रेवाच्या मनगटावर पिवळा उजेड होता, आणि ती वाट बघत होती.