मोडक्या पंखाचं सोंग

"थांबा! हा बाण खोटं बोलतोय!"

शंकीची हाक ऐकून पायपीट मंडळाची अख्खी रांग जागीच थबकली. सगळ्यांत मागून धापा टाकत येणारे दंतवैद्य काका पुढच्या काकूंच्या पाठपिशवीवर आदळले.

"आता काय झालं?" रांगेच्या पुढून आत्या ओरडली.

शंकी वाटेच्या कडेच्या मोठ्या खडकापाशी उभी होती. खडकावर पिवळ्या रंगाचा बाण होता. चालणाऱ्यांना वाट कळावी म्हणून किनाऱ्यावर असे बाण ठिकठिकाणी रंगवलेले होते.

"आत्या, मागच्या वेळी हा बाण उजवीकडे होता. समुद्राकडे! आज डावीकडे आहे. रानात!"

"बाण काय फिरतोय होय?" दंतवैद्य काका हसले. "पोरी, सगळ्या शाळेला सुट्टी लागली, तुझ्या शंकांना कधी लागणार?"

सगळे खो खो हसले. शंकीचे कान तापले. तिचं खरं नाव वेगळंच होतं, पण दर दोन वाक्यांमागे "पण असं का?" विचारून विचारून तिनं हे नाव स्वतःच कमावलं होतं.

तिची आत्या दवाखान्यात परिचारिका होती. कामावर असताना लोकांना "झोपून राहा" असं बजावणारी ही बाई सुट्टीच्या दिवशी मात्र कुणाला बसूही देत नसे! ओळखीपाळखीच्या लोकांना गोळा करून ती दिवसभराच्या पायी सहली काढी, कधी किनाऱ्यानं, कधी रानातून. शंकी आणि तिचा धाकटा भाऊ भोंगा सुट्टीत आत्याकडे आले होते, त्यामुळे दोघं आपोआप मंडळात भरती झाले. भोंग्याला भोंगा का म्हणत, हे तो कुजबुजला तरी तीन घरं पलीकडे कळायचं. तिसरा आत्याचाच मुलगा. तो प्रत्येक सहलीला नकाशा घेऊन यायचा आणि तरीही रस्ता चुकायचा. म्हणून तो नकाशा.

"आई, माझ्या नकाशातसुद्धा वाट समुद्राकडेच जाते," नकाशा म्हणाला.

"तुझ्या नकाशात परवा आपलं घर तळ्यात होतं," आत्या म्हणाली. "बाणाप्रमाणे चला! दुरुस्तीसाठी वाट बदलली असेल."

मंडळ रानात शिरलं. वाट कसली, नुसती काटेरी झुडपं! बाभळीसारखे लांब काटे, गुडघाभर गवत, वर चढण. थोड्याच वेळात "टर्रर्र" असा आवाज झाला आणि दंतवैद्य काकांच्या पँटचा मागचा भाग एका झुडपानं ठेवून घेतला.

"दुरुस्ती झकास आहे!" कमरेला टॉवेल गुंडाळत काका म्हणाले. या वेळी शंकी हसली.

टेकडीच्या माथ्यावर सावलीत डबे उघडले. सँडविच, केळी, उकडलेली अंडी असा सगळ्यांचा मिळून फडशा पडला आणि मोठी माणसं गवतावर आडवी झाली. खाली, झाडीच्या पलीकडे वाळूची लांब पांढरी पट्टी चमकत होती. तिथं माणूस म्हणून नव्हता.

"आत्या, आम्ही खाली जाऊन येऊ? एवढ्यात येतो," शंकीनं विचारलं.

"जा. पाण्यात पाय घालायचा नाही. इथून मला तुमच्या टोप्या दिसल्या पाहिजेत. आणि ही शिट्टी घ्या. काही लागलं तर वाजवा."

"शिट्टी कशाला? भोंगा आहे की!" नकाशा म्हणाला आणि तिघं धूम उतारावरून सुटले.

वाळूत पाय टाकतात न टाकतात तोच भोंगा किंचाळला, "ए, तो बघा! बिचारा!"

समोर मुठीएवढा एक पक्षी धडपडत होता. पाठ वाळूच्या रंगाची, पोट पांढरं, पाय काडीसारखे. एक पंख लुळा पडून वाळूत घासत होता. पक्षी दोन पावलं जाई, कलंडे, केविलवाणं "पीप पीप" करी, पुन्हा फरफटे.

"पंख मोडलाय त्याचा! आपण त्याला आत्याकडे नेऊ. ती पट्टी बांधेल!" भोंगा म्हणाला.

तिघं दबक्या पावलांनी मागे लागले. पक्षी अगदी हाताच्या अंतरावर आला की थोडा पुढे सरके. असं करत करत बरंच अंतर गेलं. भोंग्यानं टोपी काढली, नेम धरला, झडप घातली आणि... भुर्रर्र! पक्षी ताठ पंखांनी मजेत उडाला, समुद्रावरून एक गिरकी घेऊन मागे निघून गेला.

भोंग्याच्या टोपीत वाळू आली आणि तोंडातही.

"बरा झाला?" तो थुंकत म्हणाला. "एवढ्यात?"

"बरा कसला! त्याला काही झालंच नव्हतं," शंकी म्हणाली. तिच्या कपाळावर आठी पडली होती. "पण असं का? इतकं नाटक कशासाठी?"

ते मागे फिरले. पहिल्या जागेजवळ येताच तोच पक्षी पुन्हा हजर! पुन्हा पंख लुळा, पुन्हा "पीप पीप", पुन्हा तेच कलंडणं.

"हा आपल्याला वेड्यात काढतोय!" नकाशा ओरडला.

"नाही रे," शंकी हळूच म्हणाली. "हा आपल्याला इथून लांब नेतोय. म्हणजे इथं काहीतरी आहे, आपण बघू नये असं. कुणी हलू नका! पायाखाली बघा."

तिघं पुतळ्यासारखे उभे राहिले. वाळू, शिंपले, गोटे, वाळकी काडी. बराच वेळ काहीच दिसेना. मग शंकीच्या लक्षात आलं, नकाशाच्या बुटापुढचे तीन गोटे जरा जास्तच सारखे आहेत. वाळूच्याच रंगाचे, काळे ठिपके असलेले आणि एका टोकाला निमुळते.

"नकाशा," ती म्हणाली, "पाय मागे घे. हळू. अगदी हळू."

"अंडी!" भोंगा कुजबुजला. टेकडीवरच्या दोन काकूंनी झोपेत कूस बदलली असेल!

ना काडी, ना गवत. वाळूतल्या बशीएवढ्या खळग्यात तीन अंडी उघड्यावर पडली होती. तिघांचे चेहरे उजळले. पण शंकीची नजर पुढे गेली. थोड्याच अंतरावर तसाच दुसरा खळगा होता. त्यात नुसती टरफलं होती, वाळूत दाबून सपाट झालेली. आणि त्यावरून गाडीच्या चाकाचा रुंद, नक्षीदार ठसा गेला होता.

"इथं गाडी?" नकाशा म्हणाला. "किनाऱ्यावर?"

ठसे सरळ झाडीच्या कडेपर्यंत जात होते. तिघं पाठोपाठ गेले. तिथं खांबाचा एक खळगा होता, खांब मात्र नव्हता. तो सापडला झुडपाच्या आत, पाटीसकट पालथा. नकाशानं पाटी उलटवली: "पक्ष्यांची घरटी आहेत. वाहनांना सक्त बंदी." शेजारी पिवळ्या रंगाचा डबा आणि ताठ झालेला ब्रश.

शंकीनं डब्यात बोट घातलं. बोट पिवळं झालं.

"म्हणजे बाण खरंच फिरवला होता! आपल्यासारखे चालणारे इकडे फिरकू नयेत, गाडी कुणाला दिसू नये, म्हणून!"

आणि तेवढ्यात दुरून घर्रर्र असा आवाज आला.

किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाकडून एक उघडी जीप येत होती. मागे तीन-चार पर्यटक हात वर करून आरोळ्या ठोकत होते, गाणी दणदणत होती. जीप कोरड्या वाळूवर गोल गिरक्या घेत होती, आणि प्रत्येक गिरकी अंड्यांच्या आणखी जवळ येत होती.

"मी मध्ये उभा राहतो! हात पसरून!" नकाशा निघालाच.

शंकीनं त्याचं मनगट घट्ट धरलं. "अजिबात नाही! गाडीच्या वाटेत कुणी जायचं नाही. तू वर पळ, शिट्टी वाजव, आत्याला आण."

"थांबाऽऽ!" भोंग्यानं बेंबीच्या देठापासून आरोळी ठोकली. पण त्या गाण्यांपुढे भोंग्याचाही भोंगा फिका पडला.

पक्षी अजून वाळूवर पंख घासत फिरत होता. जीपसमोर एवढासा जीव! पण पळून जात नव्हता. शंकी त्याच्याकडे बघत राहिली आणि एकदम भावाकडे वळली.

"भोंग्या, तुझा पाय मोडलाय."

"कुठे? नाही मोडला!"

"मोडलाय! तो पक्षी करतोय तसं कर. पाण्याच्या बाजूला जा, ओल्या वाळूवर, लांब. लंगड, पड, टोपी हलव. गाडी तुझ्याकडे वळली की आणखी पुढे पळ. गाडीच्या जवळ मात्र जायचं नाही. कळलं?"

भोंग्याचे डोळे चमकले. शाळेच्या नाटकात त्याला आजवर फक्त झाडाचं काम मिळालं होतं.

तो तिरासारखा ओल्या वाळूकडे धावला आणि तिथं पोचताच असा काही कोसळला की क्षणभर शंकीलाच खरं वाटलं! लाल टोपी हवेत नाचली. भोंगा उठला, एका पायावर तीन उड्या मारल्या, पुन्हा पडला, लोळला, कपाळाला हात लावला.

जीपमधल्या एका बाईंनी त्याच्याकडे बोट दाखवलं. गाणी बंद झाली. जीप अंड्यांपासून थोड्याच अंतरावर डुलली आणि वळली, पाण्याच्या दिशेनं!

शंकी धावत गेली, घरट्याच्या भोवती लाकडाचे ओंडके ओढून ठेवले आणि एका काठीवर आपली टोपी अडकवली.

तिकडे जीप जवळ आली की भोंगा "आई गंऽऽ!" करत आणखी पुढे लंगडत जाई.

"अरे बाळा, थांब! किती पळतोस मोडक्या पायानं?" जीपवाला ओरडला. अंगानं आडवा, डोळ्यांवर काळा चष्मा. "आणि काय रे, मघाशी डावा पाय होता ना? आता उजवा कसा?"

भोंग्यानं खाली बघितलं. "दोन्ही दुखतात, काका. पाळीपाळीनं!"

जीपवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पण तोवर जीपची चारही चाकं मऊ, चिकट वाळूत रुतली होती. इंजिन गुरगुरलं, चिखल उडाला, गाडी बोटभरही हलली नाही. ओहोटी चालू होती म्हणून बरं.

"लबाड पोरा! थांब, तुझे कानच उपटतो!"

"कुणाचे कान?"

आवाज आत्याचा होता. मागे अख्खं पायपीट मंडळ, आणि सर्वांत शेवटी टॉवेल सावरत दंतवैद्य काका. नकाशानं पाटी खांद्यावर आणली होती.

"ही पोरं मला फसवतात!" जीपवाला म्हणाला. "मी काय कुणाचं बिघडवलं? नुसती वाळू आहे इथं. रिकामी!"

"रिकामी?" शंकी पुढे झाली. "काका, माझ्याबरोबर चला."

तिनं त्याला ओंडक्यांपर्यंत नेलं. "आत बघा. काय दिसतं?"

जीपवाला वाकला. चष्मा काढला. डोळे बारीक केले. "गोटे," तो म्हणाला.

"नीट बघा."

बराच वेळ तो बघत राहिला. मग एकदम त्यानं पाय मागे घेतला, जणू चटका बसला होता. शंकीनं त्याला दुसरा खळगा दाखवला, टरफलांचा.

जीपवाल्याचा चेहरा उतरला. "हे... माझ्या गाडीनं?"

"पाटीवर लिहिलं होतं," नकाशा म्हणाला.

"वाचली नाही. म्हणजे वाचली, पण वाटलं, असंच लिहितात..." तो हातातल्या चष्म्याशी चाळा करू लागला. "पायी चालणारे लोक तक्रार करतात, म्हणून बाण फिरवले. मला काय ठाऊक!"

"ठाऊक करून घ्यायचं नव्हतं," त्या पर्यटक बाई म्हणाल्या. त्या जीपमधून उतरल्या होत्या. "आम्ही चालत परत जाऊ."

आत्यानं फोन केला होता. थोड्या वेळानं वनरक्षक बाई आल्या. त्यांनी अंडी पाहिली, टरफलं पाहिली, पिवळ्या डब्याकडे पाहिलं आणि जीपवाल्याला असं काही खडसावलं की तो पर्यटकांच्या मागे लपायला जागा शोधू लागला. इथं गाडी आणायला बंदी, दंड, आणि फिरवलेला प्रत्येक बाण स्वतःच्या हातानं दुरुस्त करायचा!

"चिखल्या म्हणतात या पक्ष्याला," मग त्या मुलांना म्हणाल्या. "अंड्यांजवळ कुणी आलं की पंख मोडल्याचं सोंग घेतो आणि शत्रूला लांब नेतो. आणि त्याच्याकडे बघून हे सुचलं कुणाला?"

सगळ्यांनी शंकीकडे बोट दाखवलं.

"आम्ही नुसते बाणाच्या मागे चालत राहिलो," आत्या म्हणाली. तिनं शंकीला जवळ ओढलं. "तू थांबून विचारलंस. चूक माझी, बाळा. यापुढे तुला शंका आली की मंडळ थांबेल!"

"माझी पँट वाचली असती," दंतवैद्य काका म्हणाले आणि त्यांनी शंकीला वाकून सलाम ठोकला. अर्थात टॉवेल धरून.

"आणि माझं काम?" भोंग्यानं विचारलं.

"तुला माझ्या वॉर्डात आणलं असतं," आत्या म्हणाली, "तर दोन्ही पायांना प्लास्टर घातलं असतं मी!"

मग सगळ्यांनी मिळून जीप ढकलली, कारण ती तिथं ठेवूनही चाललं नसतं. चिखलानं माखलेले मोठे लोक "जोर लावा! हैय्या!" करत होते, आणि सर्वांत जास्त जोर जीपवाला लावत होता.

सुट्टी संपायच्या आदल्या दिवशी वनरक्षक बाईंचा निरोप आला. मंडळ भल्या सकाळी किनाऱ्यावर पोचलं. पाटी पुन्हा ताठ उभी होती, घरट्याभोवती दोरीही बांधली होती. सगळे दोरीच्या अलीकडे गुडघ्यांवर बसले.

आधी काहीच दिसेना. मग वाळूचाच एक गोळा हलला. त्याला दोन काड्या फुटल्या आणि तो पळाला! मागून दुसरा, तिसरा. कापसाच्या बोंडांना पाय लावून सोडावेत तशी तीन पिल्लं तुरुतुरु समुद्राकडे निघाली. सर्वांत धीट होतं ते थेट पाण्याच्या कडेला गेलं, मान तिरकी करून त्यानं समोरून येणाऱ्या लाटेकडे पाहिलं.

लाट आली.

पिल्लू गर्रकन वळलं आणि लाटेच्या पुढे, तिच्याहून भरभर, कोरड्या वाळूत पोचलं. सगळ्या मंडळानं एकदम टाळ्यांसाठी हात उचलले आणि शंकीनं ओठांवर बोट ठेवलं, तसे ते सगळे हात हवेतच थांबले.