बंडीच्या खिशातल्या दोन बाटल्या

मी विहिरीवर वाकून दोरीला बांधलेली बाटली पाण्यात सोडत होते, तेव्हा केळीच्या बागेपलीकडून माझंच नाव ऐकू आलं.

"या हो या! गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता, ग्रामपंचायतीच्या पटांगणात! खान्देशसुंदरी वासंती झांबरे… प्रत्यक्ष… मुकुटासह!"

दोरी हातातून सुटली. निर्जंतुक केलेल्या सहा बाटल्यांपैकी एक बुडबुडे सोडत तळाला गेली.

मी रस्त्यावर जाऊन आडवी उभी राहिले. समोरून लूना आली. पुढे कर्णा, मागे बॅटरी, मध्ये मफलर गुंडाळलेला एक सडपातळ तरुण. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग पिशवीतल्या पत्रकावरच्या फोटोकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"फोटो जुना आहे का?"

"तीन वर्षांपूर्वीचा."

"तरीच. यात तुम्ही हसताय."

"मुकुट आणलेला नाही," मी म्हणाले. "आणणारही नाही. सभा पाण्याची आहे."

"मॅडम, पाण्याची सभा म्हटलं की सात माणसं येतात. त्यातला एक मी." त्यानं कर्णा सरळ केला. "चुडामण बोंडे. बोंडे साऊंड सर्व्हिस, रावेर."

आणि गेला की पुढे! वळणावर पुन्हा तेच – "मुकुटासह!"

तो मुकुट पत्र्याचा होता. अठ्ठ्याऐंशी साली, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, मैत्रिणीनं परस्पर माझा फॉर्म भरला आणि जळगावच्या त्या स्पर्धेत मी पहिली आले. मला वाटलं, लोक आता आपलं ऐकतील. म्हणून धुळ्याच्या एका संस्थेत विहिरींचं पाणी तपासायचं काम घेतलं. लोक यायचे खरे. मागच्याच महिन्यात धुळ्याजवळच्या एका गावात चारशे माणसं आली. अर्धा तास मी जंतूंबद्दल बोलले. शेवटी एका गृहस्थांनी विचारलं, "चेहऱ्याला काय लावता?"

"पाणी," मी म्हणाले. "उकळून."

ते त्यांनी लिहून घेतलं.

पण या गावात मला चिडून चालणार नव्हतं. दोन महिन्यांत अकरा जणांना कावीळ झाली होती. मी जिच्याकडे उतरले होते, त्या तानुबाईचा नातू जळगावच्या दवाखान्यात होता. सरपंच तोताराम नाना मात्र ठाम होते. "आमच्या विहिरीचं पाणी साखरेसारखं. त्यात ब्लीचिंग पावडर टाकून वास कशाला आणायचा? गुरुवारच्या सभेत पुरावा दाखवा, ठराव करतो. नाही दाखवला, तर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

पुरावा माझ्याकडे असायला हवा होता. आमच्या बाटलीत औषध लावलेली कागदाची पट्टी असते. पाण्यात माणसाच्या पोटातली घाण उतरलेली असेल, तर दीड दिवसात ते पाणी काळं पडतं. अट एकच – ऊब हवी. आणि जानेवारीत सातपुड्याच्या पायथ्याला ऊब कुठून आणायची? थंडीपासून वाचवायला लोक केळीच्या बागांना धूर करत होते. मंगळवारी भरलेल्या तीन बाटल्या मी गोधडीत गुंडाळून ठेवल्या.

"व माय!" तानुबाई म्हणाली. "मानसाले गोधडी पुरत नाही, आन् ही बाटलीले पांघरून राह्यली!"

बुधवारी सकाळी पाहिलं तर बाटल्या बर्फासारख्या गार, पाणी होतं तसंच. फिकट, शांत, मख्ख.

तेवढ्यात दारात लूना थांबली. चुडामणनं खिशातून अभिमानानं एक बाटली काढली.

"तुमची. काल विहिरीत गेलेली. बादल्या काढायचा गळ टाकून काढली. तासभर लागला." थोडं थांबून म्हणाला, "साबणानं धुतलीये."

मी कपाळाला हात लावला. "ती आता कामाची नाही."

"का? स्वच्छ आहे की!"

"स्वच्छ वेगळं, निर्जंतुक वेगळं."

"मग तुम्ही खूश होणं वेगळं आणि… जाऊ द्या." तो पायरीवर बसला. "झालं काय?"

मी सांगितलं. तो मध्ये न बोलता ऐकत होता. कर्ण्याशिवाय त्याचा आवाज कसा असतो हे मला तोवर कळलं नव्हतं. खालचा होता… बराच बरा होता.

"ऊब म्हणजे किती?"

"माणसाच्या अंगाइतकी."

त्यानं स्वेटर वर केला. आत जाड बंडी होती, दोन्ही बाजूंना खिसे असलेली. "द्या."

"अहो, यात घाण असेल!"

"झाकण घट्ट आहे ना? मग द्या."

मी उरलेल्या दोन कोऱ्या बाटल्या भरल्या. एकीत विहिरीचं पाणी, दुसरीत तेच पाणी उकळून, निववून. चिकटपट्टीवर एक आणि दोन लिहिलं. त्याच्या हातात देताना बोटांना बोटं लागली. त्याची गरम होती. मी ती नोंद केली, निव्वळ तपमान म्हणून.

"दर तासाला काढून पाहायच्या नाहीत. थंड होतात."

"नाही पाहणार."

"कुशीवर झोपायचं नाही."

"मॅडम, लग्न झाल्यावर बायकाही इतक्या अटी घालत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "म्हणून तर विचारतोय…" आणि लूना सुरू केली. मला त्याचा राग आला. नक्की कशाचा, ते सांगता येईना.

गुरुवारी पटांगण भरलं होतं. पुढच्या रांगेतून पोरी विचारत होत्या, "मुकुट कोठी हाय?" चुडामण माईकपाशी "हॅलो, हॅलो" करत होता. डोळे तांबारलेले.

"झोपला नाहीत?"

"रात्रभर उताणा. छताचे वासे पाठ झाले."

"काळी झाली का?"

"पाहिली नाही. तुम्ही नको म्हणाला होता."

माणसानं इतकं ऐकावं? निदान एकदा तरी पाहायचं! मी हात पुढे केला. त्यानं डावीकडची बाटली काढली. फिकट. होती तशीच. मी ती फिरवली, तेव्हा चिकटपट्टी दिसली. दोन. उकळलेलं पाणी.

उजवीकडची त्यानं काढली, ती शाईसारखी काळी होती.

"काळी!" तो ओरडला, माईकवरच. "काळी झाली हो!"

मी दोन्ही बाटल्या उंच धरल्या आणि त्या चुडामणच्या बंडीत कशा उबवल्या ते सांगितलं. मागून चिंधा नावाचा एक जण म्हणाला, "ती चुडामणच्याच अंगाची घाण असंल!"

पटांगण हसलं. तीन वर्षांत माझं इतकं डोकं कधी फिरलं नव्हतं.

"बंडी एक, अंग एक, ऊब एक," मी म्हणाले. "पाणीही एकाच विहिरीचं. यातलं एक फक्त उकळलंय. घाण याच्या अंगाची असती, तर दोन्ही काळ्या झाल्या असत्या."

हसू थांबलं. तानुबाई उठली, पुढे आली. काळी बाटली तिनं हातात घेतली आणि उजेडाकडे धरली.

"हेच पानी मी पोराले पाजू राह्यली व्हती?"

तोताराम नानांनी बाटलीकडे पाहिलं, मग ग्रामसेवकाकडे. "ठराव लिहा. उद्यापासून विहिरीत पावडर. तोवर बठ्ठ्यांनी, साऱ्या गावानं, पाणी उकळून प्यायचं."

मग शाल. मग नारळ. मग नाना हळूच म्हणाले, "तरी पण पोरी, मुकुट आणला असता तर…"

चुडामणनं माईक ओढून घेतला. "पाणी उकळून प्या हो! सांगतायत वासंती झांबरे, बी.एस्सी.!" मुकुटाचं नाव नाही. मी पहिल्यांदाच कर्ण्यातून आलेलं माझं नाव शेवटपर्यंत ऐकलं.

पटांगण रिकामं झालं. तो वायर गुंडाळत होता.

"सोमवारी कुठं?"

"जामनेरकडे."

"थंडी आहे तिकडं?"

"जानेवारी आहे. सगळीकडेच आहे."

"मग बंडी धुऊन ठेवतो." वायरीचं वेटोळं त्यानं खांद्यावर टाकलं आणि जरा घुटमळला. "आणि उन्हाळ्यात काय करता हो?"

"उन्हाळ्यात बाटल्या नुसत्या फळीवर ठेवल्या तरी काळ्या होतात. खान्देशातला मे महिना. ऊब लागत नाही."

"असं…" त्याचा चेहरा उतरला. एवढं मोठं पटांगण दणाणून सोडणारा माणूस, आणि आता त्याला एक वाक्य सुचेना. लूनाला किक मारत राहिला. ती सुरू होईना. पाच वेळा. सहा वेळा.

आता हेही मीच बोलायचं होतं.

"तरी या," मी म्हणाले.