कवडूच्या नावाची प्लेट

"बाई, याईले रोग नाई! कागद बदला!" म्हणत कवडूची बायको कांता हिने नर्स सुलोचनाबाईंचे पायच धरले.

तालुक्याच्या दवाखान्यात अकरा वाजले होते. कागदावर होतं : कवडू, राहणार अल्लीपूर, क्षयरोग. कचेरीतल्या चपराशाच्या एकमेव जागेसाठी त्याचा पहिला नंबर लागला होता. निरोगी असल्याचा दाखला आज पाचपर्यंत पोचला नाही, तर जागा दुसऱ्या नंबरला. दुसरा नंबर भैय्याजीचा. भैय्याजी म्हणजे इथल्याच एक्स-रे खोलीतल्या रूपरावांचा मुलगा.

कवडू उभाच होता. एकवीस दिवसांत एकवीस इंजेक्शनं झालेला माणूस सहसा बसत नाही.

"खोकला?" बाईंनी विचारलं.

"नाई."

"ताप?"

"नाई."

"भूक?"

"भाकर संपते, बाई. भूक नाई संपत."

कांता म्हणाली, "याईची थाळी अलग केली. पोरगी बापाले दुरूनच पाह्यते."

बाईंनी कागदासोबतची एक्स-रेची प्लेट खिडकीशी धरली. हाडं पांढरी, हवेने भरलेलं फुफ्फुस काळं. एका बाजूला वर पांढुरकं ठिगळ, त्यात काळं भोक. रोग खराच होता. शिवाय गळ्याच्या हाडाखाली एक लांबट, लख्ख पांढरा तुकडा. किरण इतके अडवतो तो धातूच.

"बटण असेल," टेबलामागून डॉक्टर म्हणाले. दिवसाला साठ रोगी तपासायचे असल्यामुळे ते रोग्यांकडे पाहत नसत. "प्लेट खोटं बोलत नाही, सिस्टर."

"बटणाला दोन्ही टोकांना टोपणं आणि वर कडी नसते, सर. हा ताईत आहे. कवडू, तुझा ताईत कुठाय?"

"मागच्या दसऱ्याले नागपूरले दीक्षा घेतली, तवाच नदीत सोडला."

"आणि हा फोटो?"

"यंदाच्या पोळ्यानंतरचा. रूपरावभाऊ खेकसले, गळ्यातला धातू काढ म्हून. म्या म्हनलं, माह्यापाशी काय हाये, भाऊ?"

रूपरावांना बोलावणं गेलं.

"प्लेटवर नाव कोण लिहितं?"

"मीच. सुकल्यावर, सफेद शाईनं."

"त्या दिवशी किती प्लेटा सुकत होत्या?"

"दोन. याची अन् माह्या भैय्याजीची. त्याची एकदम साफ."

"त्याचा ताईत काढला होता?"

"त्याच्या मायचा नवस हाये, बाई. तो अंघोळीलेही नाई..."



"प्लेट खरंच खोटं बोलत नाही, सर," बाई म्हणाल्या. "नाव माणूस लिहितो. यांनी नावांची अदलाबदल केली. साऱ्या तालुक्याचे दागिने उतरवणाऱ्यांनी पोराचा ताईत तेवढा राहू दिला. घरात रोज दिसतो, म्हणून प्लेटवर दिसला नाही."

रूपराव मटकन खाली बसले. "अंधाऱ्या खोलीत म्याच पह्यले पाह्यलं. वाटलं, एकदा नोकरी लागू दे, मंग गुपचूप औषध करू."

"औषध एकवीस दिवस निरोग्याला गेलं. भैय्याजी कसा आहे?"



"कालपासून रक्त पडून राह्यलं, बाई."

कवडूचा फोटो पुन्हा काढला. या वेळी नाव बाईंनी लिहिलं. छाती साफ होती. डॉक्टरांनी सही करताना कवडूकडे पाहिलं. पहिल्यांदाच.

साडेतीन वाजले होते. दाखला घेऊन निघालेला कवडू दारात थांबला. रूपराव फोटो काढून येऊन पुन्हा जमिनीवरच बसले होते.

"भाऊ, उठा. पोराले घेऊन या. माह्या नावाच्या सुया उरल्या हायेत, त्याले द्या." मग थोडा विचार करून म्हणाला, "दुखतात, म्हना. पन आता चपराशाच्या स्टुलावर बसाचं त्याले कुठं हाये?"