पळीभर तीर्थ

श्वासदर्शकाची नळी नवी कोरी होती. अशा यंत्राला आधी शून्य शिकवावं लागतं. ज्यानं हृद्बल हे औषध कधीच घेतलेलं नाही, अशा माणसानं नळीत फुंकर मारायची, की झालं. त्या दुपारी मिरजेच्या औषध-मूल्यमापन केंद्रात डॉ. हेमांगी आणि डॉ. इरफान मुजावर दोघंच होते. हेमांगीनंच फुंकर मारली.

पडद्यावर शून्य आलं नाही.

"मॅडम," इरफान हसला, "सत्तरी कधी गाठलीत? आम्हाला पेढेसुद्धा नाहीत!"

हृद्बल सत्तरीपुढच्यांनाच मिळे. थकत चाललेल्या हृदयाचा स्नायू ते घट्ट धरून ठेवी. सरकारी औषधकेंद्रावर अंगठा टेकला की पेटीतून आठवड्याच्या इवल्या इवल्या कुप्या बाहेर येत, अगदी फुकट. पण सगळ्यांना पुरेल एवढं औषध तयार होत नव्हतं, म्हणून यंत्रानं चिठ्ठ्या काढल्या होत्या. निम्म्या म्हाताऱ्या माणसांना यंदा, उरलेल्यांना पुढं. कुणी कुप्या विकू नयेत म्हणून हेमांगीनं प्रत्येकाच्या औषधात त्याचा स्वतःचा खूणकण घालायची युक्ती काढली. कण निरुपद्रवी, पण दिवसभर श्वासातून बाहेर पडत राहणारा. तो दुसऱ्याच्या श्वासात सापडला, की मूळ माणसाचा पुरवठा बंद. नियमही तिनंच लिहिला होता.

वर्ष सरलं आणि कशाचा कशाला मेळ लागेना. औषध मिळालेले आणि न मिळालेले, दोन्हीकडची हृदयं सरासरीनं सारखीच थकली होती. औषध कुचकामी ठरवून योजना गुंडाळायला समिती उद्या बसणार होती.

"वाटून घेत असतील," इरफान म्हणाला. "माझी आजी नातवंडांना दिल्याशिवाय बडीशेपसुद्धा तोंडात टाकत नाही. तिलाही मिळतंय हे औषध."

"वाटून जमत नाही रे. अर्धी मात्रा घेतली तर अर्धा गुण येतो असं याचं नाही. पूर्ण मात्रा गेली तरच ते काम करतं, नाहीतर नुसतं पाणी. वाटून घेतलं असतं तर दोन्हीकडचे खचले असते. इथं न मिळालेल्यांतलेही कितीतरी ठणठणीत आहेत, आणि मिळालेल्यांतले खचलेत."

"उशिरा सुरू केलं असेल?"

"चिठ्ठी निघाली तेव्हा सगळ्यांची हृदयं तपासली होती. एकदा सैल पडलेला स्नायू हे आवळू शकत नाही, म्हणून तर तपासली."

बोलता बोलता इरफाननं पडद्यावरच्या खूणकणाचा शोध घेतला. उत्तर वाचलं आणि त्याचं हसू विरलं. त्यानं पडदा तिच्याकडे वळवला.

यमुना दत्तात्रय कोपर्डे. हेमांगीची आई.

हेमांगीला सकाळ आठवली. कामावर येता येता ती माहेरी डोकावली होती. आईची पूजा नुकतीच आटोपलेली. आईची थोरली जाऊ, अक्का, तीर्थासाठी बसली होती. तिच्याआधी हेमांगीनंच तळहात पुढं केला, तेव्हा आईची पळी अधांतरी थांबली होती. "आंघोळ झालीय ना गं?" असं काहीतरी विचारून आईनं जेमतेम थेंबभर तीर्थ दिलं होतं. बाकीचं, पंचपात्र रिकामं होईतो, अक्काच्या हातावर.

श्वासदर्शक घेऊन ती तशीच घरी गेली. अक्का परसात स्टुलावर उभी राहून आकडीनं शेवगा पाडत होती. आई पायरीवर बसून शेंगा गोळा करायचं म्हणत होती, पण वाकली की तिला धाप लागत होती.

"आलीस? बघ तुझ्या आईकडं," अक्का वरूनच म्हणाली. "रोज सरकारचं अमृत पिते आणि शेंग उचलवत नाही. मला नाही मिळालं ते बरंच झालं म्हणायचं!"

"खाली उतर आधी. दोघींनी या नळीत फुंकर मारा."

"आता या वयात फुगे फुगवू?" म्हणत अक्कानं दणकून फुंकर मारली. पडद्यावर पूर्ण मात्रा उमटली. खूणकण यमुनाबाईंचा.

मग आईनं मारली. केंद्रात न मिळालेलं शून्य इथं मिळालं.

अक्का शेंगा घेऊन आत गेली. हेमांगी पायरीवर बसली.

"आई, एक दिवससुद्धा घेतलं नाहीस?"

"घेतलं की. सुरुवातीला अर्धं मी, अर्धं तिला. मग तूच जेवताना सांगितलंस, अर्ध्यानं कुणाचंच भागत नाही म्हणून."

"म्हणून सगळं तिला?"

"मग काय, दोघींनी जायचं?"

"चिठ्ठी तुझी निघाली होती."

"यंत्रानं काढलेली. देवानं काढली असती तर तिचीच निघाली असती." आई जरा दम घेऊन म्हणाली, "मी छातीच्या दुखण्यानं दवाखान्यात पडले, तेव्हा तू अंगावर पिणारी. तिला मूल नाही. तुला तिनं पोटाशी धरून वाढवलं, आणि मी परत आल्यावर स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर दिलं. त्या दिवशी ती जेवली नाही. तिनं एवढं दिलं, आणि मी कुपीसुद्धा देऊ नये?"

"तिला सांगायचं तरी."

"औषध म्हटलं असतं तर अंगावर फेकलं असतं तिनं. तीर्थाला नाही म्हणत नाही. देवाची रोज क्षमा मागते बाई मी."

हेमांगीनं आईच्या सुजलेल्या पावलावर बोट दाबलं. पडलेला खळगा भरून आला नाही. हृदयाचा स्नायू सैल पडला होता; आता पूर्ण मात्रेनंही तो आवळणार नव्हता.

तिनं इरफानला फोन लावला. "औषध कुचकामी नाही. ते एका रकान्यातून दुसऱ्या रकान्यात गेलंय. उद्या समितीपुढं सांग, आधी सगळ्यांचे श्वास मोजा आणि मग ठरवा. पण नावं काढून टाक."

"आणि नियम?"

"तो मी खोडते."

इरफान हळूच म्हणाला, "मॅडम, ते यंत्र मला आज घरी न्यायचंय. आजीसाठी."

दुसऱ्या सकाळी आईला उठवेना. पूजा हेमांगीनं केली. कुपी हातात घेऊन तिनं आतल्या खाटेकडे पाहिलं. आईनं मान हलवली, नाही म्हणून, आणि डोळ्यांनीच देवघराकडे खूण केली. हेमांगीनं कुपी पंचपात्रात रिकामी केली.

अक्का येऊन बसली. पण तिनं हात पुढं केला नाही. "आज आधी तुझ्या आईला दे. तिला जास्त गरज आहे."

"तिचं झालं, अक्का," हेमांगी म्हणाली.

अक्कानं तळहात पुढं केला. पंचपात्र रिकामं होईपर्यंत ती पीत राहिली. रोज उरलेला ओला हात ती स्वतःच्या डोक्यावरून फिरवायची. आज मात्र तशीच उठली, आत गेली आणि तो ओला हात तिनं यमूच्या कपाळावर ठेवला.