तिसऱ्या बरणीतला बदल

"चोर कोण ते मला ठाऊक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "तिने कबूल करावं, एवढंच तुमच्याकडून हवंय."

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. खासगी तपासाचं काम करणाऱ्या या बाईंना सगळेच मावशी म्हणत. खरी मावशी त्या फक्त शेजारी बसून बिस्किटं संपवणाऱ्या भाच्याच्या.

"चोर आधीच ठरलेला असला की माझं काम दुप्पट होतं," त्या म्हणाल्या. "बोला."

मोठ्या बाई शाळेच्या मुख्याध्यापिका. सातवीच्या प्रश्नपत्रिकांचं पाकीट त्यांनी प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं होतं, कारण शाळेत भक्कम कुलूप तेवढंच. काल शाळा सुटल्यावर त्या पाहायला गेल्या. कुलूप जागच्या जागी, पण आत पाकिटाचं सील फुटलेलं. दुपारी ते शाबूत होतं. कागद एकही गेला नव्हता, म्हणजे कुणीतरी फोटो काढले होते.

तेव्हा प्रयोगशाळेत तिघं होती. बाईंनी तिथल्या तिथे तिघांचे खिसे रिकामे करायला लावले. खेळाच्या सरांकडे शिट्टी आणि मैदानावरच्या खोलीची किल्ली निघाली. कार्यालयातल्या अण्णांकडे रुमाल, चष्म्याचं घर आणि मोबाइल. विज्ञानाच्या बाईंच्या गळ्यात, दोरीला अडकवलेली, कपाटाची किल्ली, आणि पर्समध्ये मोबाइल. दोन्ही मोबाइलमध्ये काही सापडलं नाही, पण फोटो पाठवून पुसायला कितीसा वेळ लागतो?

"कपाटाची दुसरी किल्ली?"

"गेल्या वर्षीच हरवली. तरी काल खोलीचा कानाकोपरा, खणन्‌खण पाहिला. मग प्रयोगशाळेला मीच कुलूप लावलं आणि आज सकाळी मीच उघडलं. आज संध्याकाळी समितीची बैठक आहे. विज्ञानाच्या बाईंना काढायचं जवळजवळ ठरलंय."

विज्ञानाच्या बाई प्रयोगशाळेतच बसल्या होत्या. डोळे रडून सुजले होते, तरी मुलांबद्दल विचारल्यावर त्या भडाभडा बोलू लागल्या. रासायनिक बदल ओळखायचा कसा, हा धडा चालू होता. रंग बदलतो का, बुडबुडे येतात का, हाताला ऊब लागते का, तळाशी साका बसतो का, हे पाहायचं. कागद फाडला तर तो कागदच राहतो, जाळला तर राख होते. हे पाठ करून येत नाही, बघून येतं.

म्हणून काल शाळा सुटल्यावर त्यांनी खिडकीत मोरचुदाच्या गडद निळ्या पाण्याच्या तीन रुंद तोंडाच्या बरण्या मांडल्या. पहिलीत लोखंडी खिळे. दुसरीत तांब्याची तार. तिसरीत काहीच नाही, ती फक्त तुलनेला. मग त्या हात धुवायला नळावर गेल्या. परतल्या तेव्हा सर आणि अण्णा खोलीत होते, आणि पाठोपाठ मोठ्या बाई.

"आज वर्गात मुलांनी पाहिलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पहिलीतले खिळे लाल झाले, निळा रंग फिका पडला. दुसरीत काही नाही. बरोबर. पण तिसरीतही रंग फिका आणि तळाशी लाल गाळ. माझाच प्रयोग खोटा ठरला. एकही मूल हसलं नाही, ते जास्त लागलं."

मावशी वाकून तिसऱ्या बरणीकडे बराच वेळ बघत राहिल्या.

बाहेर आल्यावर भाचा कुजबुजला, "मावशी, मला ही बाई काही सरळ वाटत नाही. साधा प्रयोग जमत नाही."

"तुला दहावीत विज्ञानात किती होते रे?"

भाच्याने खिशातलं उरलेलं बिस्किट काढलं.

खेळाचे सर चिडलेलेच होते. एका मुलाचा गुडघा फुटला म्हणून ते प्रथमोपचाराची पेटी घ्यायला आले होते आणि पाठमोरे उभे राहून पट्ट्या शोधत होते. सकाळी? सकाळी सगळी शाळा मैदानावर रांगेत उभी असते, आणि त्यांना नि विज्ञानाच्या बाईंना तिथून हलता येत नाही. "माझी किल्ली हवी तर दाताखाली चावून बघा," ते म्हणाले. भाच्याला त्यांचाही संशय आला.

अण्णा मात्र गोड माणूस. त्यांनी दोघांना खुर्च्या दिल्या, पंखा लावला. काल कार्यालयाला कुलूप लावून ते खिडक्या बंद करायला प्रयोगशाळेत गेले होते, इतकंच. "बाई चांगल्या आहेत हो," ते म्हणाले, "पण माणसाच्या मनातलं कुणाला कळतं?"

"आज कार्यालय उशिरा उघडलं म्हणे?" मावशींनी विचारलं. "बाहेर पालक कुरकुरत होते."

"किल्ल्या घरी विसरलो. परत जावं लागलं." त्यांनी जुडगा काढून खण उघडला. पितळी किल्ल्या एका जाड लालसर कडीत ओवल्या होत्या.

"कडी झकास आहे, अण्णा," भाचा म्हणाला.

"तांब्याची आहे. सांधेदुखीला बरी असते म्हणतात."

मावशी हसल्या आणि उठल्या.

बैठकीआधी त्यांनी सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं. खिडकीत तीन बरण्या तशाच होत्या.

"प्रयोग खोटा ठरलेला नाही," मावशी म्हणाल्या. "मोरचुदात लोखंड पडलं की निळा रंग उतरतो आणि लोखंडावर तांबं चढतं. तिसऱ्या बरणीत तेच झालंय. म्हणजे काल रात्री तिच्यात लोखंड होतं आणि सकाळी ते कुणीतरी काढून नेलं. मोठ्या बाईंची पावलं वाजली तेव्हा चोराला हातातली वस्तू लपवायची होती. समोर गडद निळं पाणी, आतलं काही दिसत नाही. त्याने ती त्यात सोडली."

"विज्ञानाच्या बाईंनीच कशावरून नाही?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"लोखंड मोरचुदात टाकल्यावर काय होतं, हे या खोलीत त्या एकट्याच पक्कं जाणत होत्या. त्या जगात कुठेही लपवतील, पण तिथे नाही. शिवाय सकाळी त्या आणि सर मैदानावर होते."

त्यांनी हात पुढे केला. "अण्णा, जुडगा."

अण्णांनी तो दिला.

"काल तुम्ही कार्यालयाला कुलूप लावून सरळ इथे आलात. मग खिशात किल्ल्या हव्या होत्या. निघाला रुमाल आणि चष्म्याचं घर. म्हणजे रात्री किल्ल्या तुमच्याकडे नव्हत्याच, मग आज त्या घरी विसरलात कशा?"

मावशींनी मुलांच्या साहित्यातला लोहचुंबक उचलून कडीजवळ नेला. तांब्याची म्हटलेली कडी टक्‌कन त्याला चिकटली. खिळ्याने ओरखडा काढला, तर लालीखालून करडं लोखंड दिसलं.

"हरवलेली किल्ली याच कडीत होती," मावशी म्हणाल्या. "ती तुम्ही आज टाकून दिलीत. कडी ठेवलीत. रोजची वस्तू, बदलली तर लोक विचारतील."

"घासली," अण्णा पुटपुटले. "लाली जाईना." मग ते स्टुलावर बसले आणि सांगू लागले. नातू सातवीत होता, गणितात काठावर. त्याच्यासाठी एवढं केलं. बाईंवर आळ आला तेव्हा तोंड उघडायचं होतं, पण उघडलं नाही.

मोठ्या बाईंनी विज्ञानाच्या बाईंकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. "बैठकीत मी सांगते," त्या म्हणाल्या.

"बैठकीत सांगाच," मावशी म्हणाल्या. "पण उद्या वर्गातही सांगा. बाईंची चूक तिथे ठरली होती."

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई सातवीच्या वर्गात फळ्याशी उभ्या राहिल्या आणि तुमच्या बाईंचा प्रयोग बरोबर होता, चूक माझी झाली, असं त्यांनी सरळ सांगितलं. मग विज्ञानाच्या बाईंनी तिसरी बरणी टेबलावर ठेवली.

"यात काय पडलं होतं ते मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगायचं. पुराव्यासकट."

सगळ्या वर्गाचे हात वर गेले. दाराशी उभ्या असलेल्या भाच्याचाही.